मे महिन्यात डाळीत मीठ घालायचं नाही

मे महिन्यात आमच्याकडे कोणी जेवायला आलं की वहिनीचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘आमटी अळणी लागली तर मीठ मागू नका, तांब्यातलं पाणी प्या.’ पाहुणा हसतो, एक घोट घेतो आणि मग मुकाट्याने आमटीची वाटी पुढे ओढतो.

आमची वाडी वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गास आणि भुईगावच्या मधे. समुद्र चालत जाण्याइतका जवळ. घरामागे दहा फूट व्यासाची, बावीस फूट खोल विहीर. काळ्या दगडाच्या कठड्यावर पोहऱ्याच्या दोराने पाडलेल्या खाचा आहेत, त्यांत बोट बरोबर बसतं. या विहिरीवर घरात जेवढे विनोद झालेत, तेवढे आमच्या तिन्ही जावयांवर मिळूनही झाले नसतील. लहानपणी मी नुसता हसायचो. पुढे रसायनशास्त्र शिकलो, पाणी तपासणीचे चार रिपोर्ट वाचले आणि लक्षात आलं, की प्रत्येक विनोदात विहिरीचं एकेक दुखणं महिन्यासकट नोंदवलेलं आहे. तेव्हा आपण विनोदच एकेक करून उघडून बघू.

सुरुवात मिठापासून. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांतलं एकटं क्लोराइडच १९ ग्रॅमच्या आसपास. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, म्हणतं की लिटरमागे क्लोराइड २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरं पाणीच मिळत नसेल तर १००० पर्यंत चालवून घ्यावं. आता हा हिशोब कळशीत करू. विहिरीच्या शंभर कळशा गोड्या पाण्यात समुद्राची दीड कळशी मिसळली की २५०ची रेघ ओलांडली. पाच कळशा मिसळल्या की आपण हजाराच्या उंबऱ्याशी. माणसाच्या जिभेला खारटपणा कळायला लागतो तोही साधारण त्या पहिल्या रेघेपाशीच. आमची आजी मार्चअखेरीला कधीतरी सकाळचा पहिला घोट घ्यायची, क्षणभर तोंडात धरायची आणि म्हणायची, ‘आला बघ दर्या घरात.’ तिच्याकडे मीटर नव्हता, पण शंभरात दीड कळशी ओळखणारी जीभ होती.

दर्या घरात येतो कसा? वसईच्या या बाजूची जमीन वाळूची आणि गाळाची. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र, म्हणजे तीन बाजूंनी खारं. वरून पावसाळ्यात सुमारे दोन हजार मिलिमीटर पाऊस. हे पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत राहतं. गोड्या पाण्याचा लिटर एक किलोचा, समुद्राचा एक किलो पंचवीस ग्रॅमचा. फरक चिमूटभर, पण सगळी करामत त्या पंचवीस ग्रॅमची आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा एक फूट वर असेल, तर त्या एका फुटाच्या भाराने खाली सुमारे चाळीस फूट खोलीपर्यंत खारं पाणी दबून राहतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गायबेन नावाच्या डच अभियंत्याने आणि १९०१मध्ये हर्झबर्ग या जर्मनाने, दोघांनी आपापल्या किनाऱ्यावर हा एकाला चाळीसचा हिशोब मांडला. अर्नाळ्याचा किल्ला चारी बाजूंनी समुद्रात, तरी आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्याला लोक देवाची करणी म्हणतात. देवाने तिथे वापरलेली युक्ती हीच.

पण हाच हिशोब उलटाही चालतो. उपसून उपसून वरची पातळी एक फूट खाली नेली, तर खालचं खारं पाणी तत्त्वतः चाळीस फूट वर यायला मोकळं होतं. तेही सरळ रेषेत येत नाही. जिथून ओढतोय नेमकं तिथेच, वारुळासारखं टोक काढत वर चढतं. फालुद्याच्या ग्लासात वरच्या दुधात स्ट्रॉ धरून जोरात ओढलं की खालचं गुलाबी सरबत उसळी मारून स्ट्रॉत शिरतं ना, तसं.

म्हणून रहाटाची आठवण काढावी लागते. आजोबांच्या काळी आमच्या विहिरीवर रहाट होता आणि तो ओढायला रेडा. गाडग्यांची माळ वर यायची, पन्हाळीत पाणी ओतायची, पाटाने ते केळीला आणि पानवेलींना जायचं. रहाटाच्या कुरकुरीवर बायकांनी किती विनोद केले असतील त्याला गणती नाही. पण रेडा दुपारी झोपायचा. तो झोपला की आजूबाजूच्या वाळूतून झिरपून विहीर पुन्हा भरायची आणि खालचं खारं टोक मागे सरायचं. नंतर डिझेल इंजिन आलं, मग विजेची मोटर. मोटरला दुपारची झोप नाही. आमच्याकडे पानवेली आधी मान टाकून गेल्या, मग केळीच्या पानांच्या कडा करपल्या. कडा करपणं ही खाऱ्या पाण्याची खूण. ‘केळीलाच इस्त्री केलीय कोणीतरी,’ असा एक विनोद तेव्हाचा आहे. त्यावर आजोबा हसल्याचं मात्र कोणालाच आठवत नाही.

त्यातच भर पडली टँकरची. स्टेशनांच्या आजूबाजूला इमारती उभ्या राहत गेल्या आणि नळ मागे राहिला. १९९०मध्ये सिडकोला इथलं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं, वस्ती झपाट्याने वाढली आणि हिरव्या पट्ट्यातल्या विहिरींतून टँकर भरून पूर्वेकडे जाऊ लागले. वाडीवाल्याला केळीपेक्षा पाण्याचे पैसे लवकर मिळत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सोबत्यांची हरित वसई संरक्षण समिती याच उपशाविरुद्ध उभी राहिली. आमच्या आळीतला विनोद असा, की वसईचा माणूस सकाळी पाणी विकतो आणि संध्याकाळी बिसलेरी विकत घेतो. हा विनोद मी टँकरवाल्याच्या तोंडूनही ऐकलाय.

आमच्या घरचा पराक्रम वेगळा. एका उन्हाळ्यात पाणी कमी पडलं म्हणून काकांनी विहिरीच्या तळात बोअर मारून घेतलं. पाणी भसाभसा आलं. काकांनी पेढे वाटले. पेढा खाऊन ज्याने त्याने वर पाणी प्यायलं आणि एकमेकांची तोंडं पाहिली. सायीखाली बोट घालून आम्ही थेट दुधालाच हात लावला होता. किनाऱ्याच्या विहिरीत कमी पडलेल्या पाण्यावर खोली वाढवणं हा उपाय बहुधा रोगापेक्षा महाग पडतो. ते बोअर पुढे सिमेंटने बुजवलं. तरी काका दिसले की कोणीतरी ‘पेढे?’ म्हणतंच.

खारट पाणी उकळून काही होत नाही. वाफ निघून जाते, मीठ भांड्यात राहतं, पाणी उलट आणखी खारट होतं. हे सांगूनही दरवर्षी एक तरी शेजारीण मला पुन्हा विचारते.

दुसरा विनोद रंगाचा. आमचे एक आतेभाऊ पूर्वेला, खाजणाच्या कडेला राहतात. त्यांच्याकडे चहा मागितला की काळाकुट्ट येतो आणि ते म्हणतात, ‘कॉफीचे पैसे लावत नाही, प्या.’ त्यांचे पांढरे शर्ट दोन महिन्यांत भगवे होतात. निवडणूक जवळ आली की त्यांना कोणत्या पक्षात गेलात म्हणून विचारतात. दोन्ही विनोद एकाच गोष्टीचे : लोह. जमिनीखाली चिखलाच्या थरात हवा पोचत नाही, तिथे लोह पाण्यात विरघळून राहतं आणि पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं. ते वर काढून हवेत ठेवलं की प्राणवायू मिळतो, लोह गंजतं आणि तांबूस गाळ होऊन खाली बसतं. म्हणूनच ‘पाणी सकाळी गोरं, दुपारी सावळं’ असं त्यांच्याकडे म्हणतात. चहातलं टॅनिन लोहाला भेटलं की काळं पडतं; जुन्या काळी हिरडा आणि लोखंड यांपासून शाई करत, त्यातलाच हा प्रकार. म्हणजे भाऊ आम्हाला चहाच्या कपात शाई पाजतात, फक्त लिहिण्यापुरती दाट नसते.

लोहाचं पाणी ओळखायला स्टीलची बादली भरून रात्रभर उघडी ठेवावी. सकाळी तळाशी तांबडा गाळ बसला तर निदान पक्कं. उपायही त्याच बादलीत आहे : पाणी उंचावरून झाऱ्याने टाकीत पाडायचं, म्हणजे हवा लागते, मग ते निवळू द्यायचं आणि वाळूतून गाळून घ्यायचं. कधी पाण्यावर तेलासारखा रंगीत तवंग दिसतो आणि घरात ‘पेट्रोल लागलं, आता आपण अरब’ असा जल्लोष होतो. काडीने तो तवंग मोडून बघावा. तेल असेल तर फिरून पुन्हा जुळतं. काचेसारखे तुकडे होऊन तरंगत राहिले, तर ते लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. अरब होण्याचा बेत रद्द.

वासाचा विनोद चतुर्थीचा. मोठ्या काकूंचा कडक उपास, आणि नळ सोडला की घरभर उकडलेल्या अंड्यांचा वास. ‘आज कोणी अंडी लावली गं?’ असं विचारायचं आणि काकूंनी पळीने धोपटायचं, हा आमच्या चुलतभावांचा वार्षिक कार्यक्रम होता. हा वास हायड्रोजन सल्फाइड वायूचा. तळाशी गाळ, पालापाचोळा साचला आणि पाणी हलेनासं झालं की गंधकाच्या क्षारांवर जगणारे जिवाणू तो तयार करतात. विहीर रोज वापरली, उन्हाळ्यात गाळ काढला, की वास बहुतेक जातो. गाळ काढण्यात मात्र विनोद नाही. विहिरीच्या तळाशी हवा विषारी असू शकते. पूर्वी आधी पेटता कंदील सोडत. तो विझला तर उतरायचं नाहीच. पण नाही विझला म्हणून हवा सुरक्षित असंही होत नाही. आधी पंख्याने हवा खेळवायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, वर दोन धडधाकट माणसं ठेवायची. खालचा बेशुद्ध पडला म्हणून वरच्याने दोराशिवाय उडी टाकायची नाही. एकामागोमाग दोघे-तिघे गेल्याच्या बातम्या अशाच होतात.

डाळ न शिजण्याचा विनोद तुंगारेश्वराच्या बाजूचा. तिकडे जमीन काळ्या कातळाची, पाणी जड. साबणाला फेस येत नाही आणि तूरडाळ कुकरच्या आठ शिट्ट्या पचवून तशीच दाणेदार राहते. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं. चिमूटभर सोडा टाकला की ती पकड सुटते. सुनेच्या हातावर ढकललेला हा दोष किती वर्षं विहिरीचा होता, हे सासवांना कोणी सांगायचं?

पंपाचा विनोद मात्र मला सगळ्यात आवडतो. आमची जुनी मोनोब्लॉक मोटर कठड्याशेजारी बसते आणि पाइप विहिरीत. रात्री पाणी उतरलं की सकाळी मोटर नुसती गुणगुणते. मग झाकण उघडून तिच्या नरड्यात तांब्या-तांब्याने पाणी ओतायचं. ‘आधी तिला पाणी पाजा, मग ती आपल्याला पाजेल,’ असं बाबा म्हणत. पाणी पाजण्याचा दुसरा अर्थ घेतला तर सकाळी साडेसहाला कोण हरलेलं असे ते उघड आहे. कारण साधं. असा पंप पाणी ओढत नाही. तो आतलं पाणी बाहेर फेकून पाइपातला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. पाइपात हवा राहिली तर पंख्याला धरायला काही उरत नाही. हवेचा दाब हिशोबाने पाणी फार तर दहा मीटर चढवतो, प्रत्यक्षात सातेक. आणि रात्री पाणी उतरतं ते पाइपाच्या टोकाचा फूट व्हॉल्व नीट बसत नाही म्हणून. आमच्याकडे एकदा त्यात बेडूक अडकला होता. चार दिवस मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन आणि वीजमंडळ यांना शिव्या घालून झाल्यावर तो निघाला. ‘कूपमंडूक’ हा शब्द कोणाला लावायचा यावर तेव्हा घरात वाद झाला.

आता पावसाळा. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी गढूळ होतं आणि घरात पोटं बिघडायला लागतात. ‘विहीर आली म्हणजे घरात रांग लागते,’ हा विनोद कुठल्या दारापुढच्या रांगेचा आहे ते सांगायला नको. २०१८च्या जुलैत वसईत पाणी साचलं तेव्हा कठड्यावरूनच पाणी आत गेलं. विहीर आणि रस्ता यांत फरक उरला नव्हता. अशा वेळी चवीवर जायचं नाही, कारण जुलाबाच्या जंतूंना चव नसते. काम करते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर.

तिचा हिशोब असा. विहिरीच्या व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले ३.१४, भागिले ४, सगळं मीटरमध्ये. आमच्या विहिरीचा व्यास ३ मीटर, पाणी ४ मीटर : झाले सुमारे २८ घनमीटर, म्हणजे २८ हजार लिटर. चांगल्या ताज्या पावडरीचं माप हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत थोडं पाणी घालून पावडर खळीसारखी कालवायची, मग पाऊण बादली पाणी घालून दहा मिनिटं निवळू द्यायची. खाली बसतो तो चुना विहिरीत घालायचा नाही; वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं, ती बादली दोराने पाण्याखाली सोडायची आणि वर-खाली हिसके द्यायचे, म्हणजे औषध तळापर्यंत पोचतं. हे रात्री, दिवसाचं पाणी भरून झाल्यावर करावं. निदान तासभर पाणी शेंदायचं नाही. गाळ फार असेल तर क्लोरिन त्यातच संपतं. म्हणून ऑर्थोटॉलिडिनचे थेंब टाकून पाणी पिवळसर होतं का ते बघतात. पिवळं झालं नाही तर आणखी मात्रा. दुसऱ्या दिवशी पुतण्या ‘आज घरीच स्विमिंग पूल’ म्हणत तोंड धुतो. तो वास आला की मी निवांत असतो.

आणि संडासाची टाकी विहिरीपासून पंधरा मीटर तरी लांब हवी. हे वाडीची वाटणी होताना कोणाच्या लक्षात राहत नाही; भिंत आपली, टाकी आपली, झरा मात्र सामाईक. कोकणात विहिरीत कासव सोडायची जुनी रीत होती, पाणी साफ ठेवतं म्हणून. आता देशी कासव पाळायला कायद्याने बंदी आहे. डासांसाठी गप्पी मासे सोडतात.

शेवटचा विनोद ऐकीव आहे. ‘जाऊ तिथे खाऊ’ सिनेमात मकरंद अनासपुरेची विहीर चोरीला जाते, कारण ती सरकारी कागदावर खणलेली आणि जमिनीत नसलेली. वसईत उलटं होतं : जमिनीत होती ती दिसेनाशी झाली. इथे वाड्यावाड्यांत बावखलं असत. बावखल म्हणजे विहिरीहून पसरट, उताराच्या काठाचा खणलेला खोलगट तलाव. पावसाचं पाणी त्यात भरायचं, उन्हाळाभर शिंपायला पुरायचं आणि हळूहळू मुरून शेजारच्या विहिरींतली गोडी टिकवायचं. म्हणजे ते सायीचं विरजण होतं. कित्येक बावखलं भराव टाकून बुजली, वर इमारती आल्या. तिथे राहायला आलेली माणसं पाण्याला टँकर बोलावतात. आमच्या आळीत याला ‘तळमजल्यावरचा वॉटर व्ह्यू’ म्हणतात.

२००९मध्ये महानगरपालिका झाली, सूर्या धरणाचं पाणीही आलं, तरी वाडीला विहीर सुटलेली नाही. बावखल परत खणणं माझ्या हातात नाही, पण छप्पर आहे. शंभर चौरस मीटर छपरावर दोन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे दोन लाख लिटर. गळती-उडती धरून दीड लाख तरी हाती लागतात. पहिल्या दोन-तीन सरी बाहेर सोडायच्या, कारण त्यांत कावळ्यांचा वर्षभराचा हिशोब असतो. पुढचं पाणी खडी, वाळू आणि कोळशाच्या खोक्यातून विहिरीत. गेल्या दिवाळीनंतर आम्ही आणखी दोन गोष्टी केल्या : फूट व्हॉल्व चार फूट वर उचलून बांधला आणि मोटरला टायमर लावला. सकाळी वीस मिनिटं, संध्याकाळी वीस मिनिटं, मधे सक्तीची विश्रांती. खारटपणा गेला नाही. पण आजीच्या मार्चऐवजी यंदा तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जाणवला.

परवा पुतण्याच्या डोक्याला शाम्पूचा फेस होता आणि मोटर बंद पडली. तो ओरडत बाहेर आला. वहिनीने घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘थांब रे, रेडा झोपलाय. पाच वाजता उठेल.’